हॅम्लेटला वेडा कोणी ठरवले? एका नाटकातील उन्माद आणि त्याचे पारखी

१/
डेन्मार्कच्या राजवाड्यातील राणीचे दालन. पडद्याआड लपलेला वृद्ध सल्लागार पोलोनियस नुकताच तलवारीने मारला गेला आहे. त्याला मारणारा राजपुत्र आता समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत कोणाशी तरी बोलतो आहे. राणीला तेथे कोणीच दिसत नाही. मुलाला वेड लागले, असा निर्वाळा ती देते. त्यावर राजपुत्र वैद्याच्या भाषेत उत्तर देतो. तो आईला आपल्या नाडीकडे लक्ष द्यायला सांगतो. ती तिच्या नाडीइतकीच तालात चालली आहे.

२/
शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ १६०० च्या आसपास लिहिले गेले. २६ जुलै १६०२ रोजी लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या वहीत त्याची नोंद झाली आणि १६०३ मध्ये ते प्रथम छापले गेले. हॅम्लेट खरोखर वेडा होता की नव्हता, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा: या नाटकात कोण कोणाला वेडा म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि तसे म्हटल्याने त्याचे काय साधते?

३/
हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये ‘वेडा’ या एका शब्दावर माणसाची मिळकत, त्याचे गुन्ह्यातील उत्तरदायित्व आणि त्याच्या प्रेताला मिळणारी जागा ठरत असे. जन्मतः मतिमंद असलेल्याच्या जमिनीचे उत्पन्न राजसत्ता स्वतः घेऊ शके. नंतर वेड लागलेल्याची मिळकत मात्र त्याच्यासाठी आणि कुटुंबासाठी राखून ठेवावी लागे. हा भेद ठरवण्यासाठी पंचांसमोर चौकशी होई. वेडाला लक्षणे असत, तसे साक्षीदारही असत.

४/
त्या काळच्या वैद्यकाचा पाया चार देहरसांचा होता: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. काळ्या पित्ताचा प्रकोप झाला की माणूस खिन्न, संशयी, एकांतप्रिय होतो, त्याला निद्रानाश जडतो आणि भास होतात, अशी समजूत होती. टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६ मध्ये या विषण्णतेवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक महत्त्वाचा भेद केला. शरीरातून उपजणारी खिन्नता वेगळी आणि पापाच्या जाणिवेने होणारी मनाची तळमळ वेगळी. पहिलीवर औषध चालते, दुसरीवर नाही.

५/
वैद्यकाखेरीज आणखी दोन स्पष्टीकरणे तयार असत: सैतानाची बाधा, नाहीतर निव्वळ सोंग. १६०२ मध्ये लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर या मुलीला झटके येऊ लागले. एलिझाबेथ जॅक्सन या वृद्धेवर चेटकाचा आरोप ठेवला गेला. एडवर्ड जॉर्डन या वैद्याने हा शारीरिक आजार असल्याची साक्ष दिली, पण न्यायालयाने ती मानली नाही आणि जॅक्सनला दोषी ठरवले. जॉर्डनने १६०३ मध्ये आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले. ‘हॅम्लेट’ छापले गेले तेही त्याच वर्षी.

६/
वेडे कसे दिसतात, हे लंडनकरांना ऐकून माहीत होते तसे पाहूनही माहीत होते. बिशप्सगेटबाहेर १२४७ मध्ये स्थापन झालेल्या बेथलेम मठाचे पुढे रुग्णालय झाले. १४०३ च्या पाहणीत तेथे सहा वेडे पुरुष असल्याची नोंद आहे. १५९८ च्या पाहणीत सुमारे वीस रुग्ण अत्यंत गलिच्छ अवस्थेत आढळले. ‘बेथलेम’चा अपभ्रंश ‘बेडलम’ हा गोंधळाचा समानार्थी शब्द झाला. १५९० च्या दशकात शेक्सपिअर स्वतः बिशप्सगेटच्याच वस्तीत राहत होता, हे त्याच्या नावावरील कराच्या नोंदींवरून समजते.

७/
रंगभूमीवरही वेडाला मागणी होती. टॉमस किड याच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’तला हिएरोनिमो मुलाच्या खुनाने भ्रमिष्ट होतो आणि शेवटी सूड घेतो. हे नाटक इतके चालले की १६०२ च्या आवृत्तीत त्याच्या वेडाचे नवे प्रवेश घालण्यात आले. म्हणजे ‘हॅम्लेट’ पाहायला आलेल्या प्रेक्षकाला सूडनाट्यात वेड अपेक्षितच होते. त्याला अपेक्षित नव्हते ते असे की रंगमंचावरील निम्मी पात्रे त्या वेडाची तपासणी करत बसतील.

८/
मूळ कथा फार जुनी आहे. १२०० च्या सुमारास सॅक्सो ग्रॅमॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये आम्लेथ नावाच्या राजपुत्राची हकीकत लिहिली. १५७० मध्ये बेलफोरे याने ती फ्रेंचमध्ये आणली. सॅक्सोच्या कथेत काका उघडपणे बापाला मारतो. पोरगा जिवाच्या भीतीने वेडाचे सोंग घेतो, धुळीत लोळतो, असंबद्ध बडबडतो. वेड पांघरून पेडगावला जाण्याचा तो सरळ प्रकार आहे. वेड्यापासून धोका नाही असे काकाला वाटावे, एवढाच त्याचा हेतू.

९/
शेक्सपिअरने येथेच सांधा बदलला. त्याच्या नाटकात खून गुप्त आहे. वडिलांच्या भुताने सांगेपर्यंत हॅम्लेटलाही तो ठाऊक नाही. मग सोंगाची गरज काय? तो मित्रांना एवढेच सांगतो की पुढे आपण विक्षिप्त वागलो तर तुम्ही ओळख दाखवू नका. कारण देत नाही. या सोंगाचा परिणामही उलटा होतो. आम्लेथचे वेड काकाला निर्धास्त करण्यासाठी होते. हॅम्लेटच्या वेडामुळे काका सावध होतो.

१०/
सोंग जाहीर होण्यापूर्वीच खऱ्या वेडाची शंका आलेली असते, हेही लक्षात घ्यावे. भूत हॅम्लेटला खुणेने बोलावते तेव्हा त्याचा मित्र होरेशिओ त्याला अडवतो. हे भूत तुला कड्याच्या टोकाशी नेऊन तुझी बुद्धी हिरावून घेईल, ही त्याची भीती. होरेशिओ विटेनबर्गला शिकलेला आहे आणि तेच मार्टिन ल्यूथरचे विद्यापीठ. प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार मृतांचे आत्मे परत येत नाहीत; भूत म्हणून जे येते ते बहुधा सैतानाचे कपट. त्याच्या शंकेमागे त्याचा धर्म उभा आहे.

११/
पहिले ठाम निदान पोलोनियसचे. अंगरख्याच्या गुंड्या सोडलेल्या, मळके मोजे घसरलेले, डोक्यावर टोपी नाही, चेहरा पांढराफटक अशा अवस्थेत हॅम्लेट आपल्या दालनात आल्याचे ऑफेलिया वडिलांना सांगते. पोलोनियसचा निष्कर्ष तयार असतो: प्रेमभंगाचे वेड. राजासमोर तो आजाराच्या पायऱ्या मोजून दाखवतो: आधी उदासी, मग अन्न तुटणे, मग झोप जाणे, अशक्तपणा, भ्रम आणि शेवटी उन्माद. वैद्यकाचे पुस्तक उघडून वाचावे, तसा हा क्रम आहे.

१२/
हे निदान हास्यास्पद मानण्याची घाई करू नये. बकिंगहॅमशरमधील पाद्री आणि ज्योतिषी वैद्य रिचर्ड नेपियर याने १५९७ ते १६३४ या काळात आपल्या रुग्णांच्या नोंदवह्या ठेवल्या. त्यांत मनाच्या व्याधींनी पीडित असे दोन हजारांहून अधिक लोक आहेत. प्रेमातील अडथळे, संसारातील कलह, आप्तांचे मृत्यू आणि कर्ज ही कारणे तेथे वारंवार येतात. पोलोनियसचे शास्त्र त्याच्या काळाला धरूनच होते.

१३/
चूक शास्त्रात नव्हती, सोयीत होती. हॅम्लेटला भेटू नकोस, त्याची पत्रे परत कर, असा हुकूम मुलीला पोलोनियसनेच दिलेला होता. राजपुत्र आपल्या मुलीपायी वेडा झाला, या निदानात त्याच्या घराण्याचे महत्त्व आणि स्वतःची हुशारी दोन्ही सिद्ध होतात. हॅम्लेटच्या बडबडीत काही संगती आहे, हे त्याला जाणवतेही. पण निदान बदलण्याऐवजी तो पुरावा जमवायला निघतो आणि त्यासाठी मुलीलाच आमिष म्हणून पुढे करतो.

१४/
राणी गर्ट्रूडचा तर्क साधा आहे: बापाचा मृत्यू आणि आपला घाईने झालेला पुनर्विवाह. सुरुवातीला सत्याच्या सर्वांत जवळ तीच पोहोचते. पण राजा क्लॉडियस आणि पोलोनियस ज्याला शोध म्हणतात, त्यात तिच्या या वाक्याला कोणी महत्त्व देत नाही, आणि तीही ते पुढे रेटत नाही. रेटले असते तर तपासाचा रोख तिच्या स्वतःच्या लग्नाकडे वळला असता. पोलोनियसचे प्रेमाचे निदान खरे ठरावे, असे तिला मनापासून वाटते. त्यात कोणाचा दोष निघत नाही.

१५/
क्लॉडियस सगळ्यांत चाणाक्ष. ऑफेलिया आणि हॅम्लेट यांची भेट तो आडोशाने पाहतो आणि लगेच ओळखतो की हे प्रेम नाही, आणि बोलणे विस्कळीत असले तरी हे वेडही नाही. काहीतरी मनात उबवले जात आहे आणि ते बाहेर पडेल तेव्हा धोका असेल. खुन्याला खुनाची चाहूल लागणारच. तरीही तो दरबारात ‘वेड’ हाच शब्द चालू ठेवतो. थोरामोठ्यांच्या वेडावर पहारा हवा, हे त्याचे धोरण. वेड्याला हवापालटासाठी इंग्लंडला पाठवता येते. शहाण्या वारसदाराला पाठवण्यासाठी कारण द्यावे लागते.

१६/
उरतात हॅम्लेटचे बालमित्र रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्न. राजाने त्यांना हेरगिरीसाठीच बोलावले आहे. नेमके काही विचारले की हॅम्लेट चतुराईच्या वेडाआड लपतो, असा अहवाल गिल्डेनस्टर्न देतो. सोंगाचा संशय तो उघडपणे बोलून दाखवतो, कारण काही हाती लागले नाही याचे स्पष्टीकरण त्याला धन्यापुढे द्यायचे आहे. प्रत्येक निदानावर निदान करणाऱ्याचा ठसा असा स्पष्ट उमटलेला आहे.

१७/
आता पुन्हा राणीच्या दालनात यावे. नाडीचा दाखला देऊन झाल्यावर हॅम्लेट आईला जे बजावतो, त्यात नाटकातील वेडाचे सगळे राजकारण आले आहे. बोलते आहे ते माझे वेड, तुझा अपराध नव्हे, अशी मलमपट्टी मनाला लावू नकोस. त्याने जखम वरून झाकेल आणि आत सडत राहील, असा त्याचा आशय. समोरच्याला वेडा म्हटले की त्याचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी टळते. ब्राइटने केलेला शरीराच्या आजाराचा आणि पापाच्या टोचणीचा भेद येथे उलटा फिरून तपासणाऱ्यावरच येतो.

१८/
येथवर वेड होते ते बव्हंशी सोंग, आणि त्यामागे दरबाराची सगळी यंत्रणा लागलेली होती: हेर, पत्रे, सापळे, जहाज. चौथ्या अंकात खरे वेड येते. वडील प्रियकराच्या हातून मारले गेले, भाऊ परदेशी, प्रेत घाईघाईने गुपचूप पुरलेले. ऑफेलिया गाणी म्हणत फिरू लागते. १६०३ च्या छापील प्रतीत ती केस मोकळे सोडून, हातात ल्यूट घेऊन येते. मोकळे केस ही त्या रंगभूमीवर वेड लागलेल्या स्त्रीची प्रेक्षकांना चटकन कळणारी खूण होती.

१९/
तिच्याबाबत पहिली प्रतिक्रिया काय? राणी तिला भेटायलाच तयार नसते. एक दरबारी सांगतो की तिच्या बोलण्याला अर्थ नाही, पण ऐकणारे ते तुकडे आपल्या मनातील विचारांप्रमाणे जोडून घेतात. लोकांच्या मनात भलते तर्क उठू नयेत म्हणून तिला भेटावे, असे सुचवले जाते. भेटीचे कारण तिचे दुःख नव्हे, सिंहासनाची सुरक्षितता. क्लॉडियस तिच्यावर कडक नजर ठेवण्याचा हुकूम देतो. वैद्याला बोलावण्याचा विषय कोणी काढत नाही.

२०/
भाऊ लेअर्टीझ येतो. बहीण त्याच्यासमोर फुले वाटते: स्मृतीसाठी रोझमेरी, विचारांसाठी पॅन्झी. या निरर्थक बोलण्यात अर्थापेक्षा अधिक काही आहे, असे त्याला वाटते, आणि त्यातून तो एकच अर्थ काढतो: सूड. तिच्या गाण्यांत मेलेला बाप आहे आणि फसवून टाकून दिलेली मुलगीही आहे. आजवर वडील आणि भाऊ यांच्या आज्ञांखाली जे तिला बोलता आले नव्हते, ते ती आता दरबारात उघडपणे गाते. तेही वेडात जमा होते.

२१/
मग ती ओढ्यात बुडून मरते. विलोची फांदी मोडली, कपडे भिजून जड झाले, असे राणी सांगते, म्हणजे अपघात. पुढच्याच प्रवेशात कबर खोदणारे मात्र हिने जीव दिला असून हिला ख्रिस्ती दफन कसे, असे विचारतात. इंग्लंडच्या कायद्यात शहाणपणी केलेली आत्महत्या हा गुन्हा होता. मृताची चीजवस्तू जप्त होई आणि दफनविधी नाकारला जाई. काही ठिकाणी प्रेत चौरस्त्यावर पुरून त्यात खुंटी ठोकत. पंचांनी वेडाचा निर्णय दिला तरच यातून सुटका होती, आणि तसा निर्णय क्वचितच मिळे.

२२/
कबर खोदणाऱ्याची कायदेशीर बडबड हवेतून आलेली नाही. सर जेम्स हेल्स हे न्यायाधीश १५५४ मध्ये नदीत बुडून मेले. पंचांनी तो आत्मघात ठरवला आणि त्यांच्या जमिनीवरून विधवेने लढवलेला दावा पुढे गाजला. कृतीचे भाग किती, कल्पना कोठे संपते आणि कृती कोठे सुरू होते, याचा न्यायालयात कीस पाडला गेला. कबर खोदणारा त्याच युक्तिवादाचे विडंबन करतो. शिवाय एक कडवट सत्यही त्याच्या तोंडी येते: ही मोठ्या घरची नसती तर हिला येथे जागा मिळालीच नसती.

२३/
स्ट्रॅटफर्डजवळ टिडिंग्टन येथे डिसेंबर १५७९ मध्ये कॅथरीन हॅम्लेट नावाची तरुणी एव्हन नदीत बुडाली. पाणी भरताना पाय घसरला, असा चौकशीचा निकाल लागला आणि तिला दफनाचा हक्क मिळाला. शेक्सपिअर तेव्हा १५ वर्षांचा होता. नाटकाचा या घटनेशी संबंध सिद्ध झालेला नाही. पण बुडालेल्या मुलीसाठी ‘अपघात’, ‘वेड’ आणि ‘गुन्हा’ या तीन शब्दांत किती अंतर असते, हे त्या काळी प्रत्येक गावाला ठाऊक होते. ऑफेलियाला मिळतो तो अर्धवट विधी, तोही वरून आलेल्या हुकमामुळे. तेथला पाद्री ते बोलूनही दाखवतो.

२४/
हाच कबर खोदणारा नाटकातील सर्वांत मोठा विनोदही करतो. वेड्या राजपुत्राला इंग्लंडला पाठवले आहे. तेथे त्याचे वेड कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण तेथले सगळेच तसे! लंडनचे प्रेक्षक स्वतःवरच हसले असतील. हे तो ज्याला सांगतो तो परका माणूस प्रत्यक्ष हॅम्लेट आहे. नाटकभर ज्याच्या वेडाची तपासणी झाली, त्याच्याशी बोलूनही त्याला काही वावगे जाणवत नाही. त्याला यात कसलाच लाभ नाही, म्हणून त्याच्यासमोर उभा आहे तो फक्त एक चौकस माणूस.

२५/
शेवटच्या प्रवेशात द्वंद्वापूर्वी हॅम्लेट लेअर्टीझची क्षमा मागतो: तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. वेड्याकडून झालेले कृत्य गुन्हा ठरत नाही, हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व तो पुढे करतो. आईला नाडी पाहायला सांगणारा तोच हा माणूस. इतरांच्या सोयीच्या निदानांवर तुटून पडणारा हॅम्लेट आपली वेळ आल्यावर त्याच शब्दाचा आसरा घेतो. शेक्सपिअरने नायकालाही या न्यायातून वगळलेले नाही.

२६/
मराठीत हे नाटक गोपाळ गणेश आगरकरांनी आणले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भाषांतराचे काम केले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. ज्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली, त्याच्या मुळाशी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचे वेड आणि त्यांना मिळणारी वागणूक हाच विषय होता. छत्रपतींना मुद्दाम छळून वेडे ठरवले जात आहे, असे आरोप वृत्तपत्रांनी केले होते; कारभारी माधवराव बर्वे यांनी त्यावरून अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

२७/
राजघराण्यातील एका तरुणाला वेडा कोण म्हणते आणि त्याने कोणाचे साधते, या प्रश्नापायी तुरुंगात गेलेला संपादक तेथे बसून नेमके ‘हॅम्लेट’ मराठीत आणतो. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट आणि बळवंतराव जोग यांची ऑफेलिया यांनी मराठी प्रेक्षक भारावून गेले.

२८/
इतिहासाच्या कागदपत्रांत ‘भ्रमिष्ट’, ‘वेडसर’, ‘बुद्धिभ्रंश झालेला’ असे शेरे पुष्कळ आढळतात. असा शेरा दिसला की वाचकाने आधी लेखणी कोणाच्या हाती आहे ते पाहावे. हॅम्लेटच्या वेडाबद्दल राजवाड्यातील प्रत्येकाला मत होते. ऑफेलियाला मात्र तुला काय होते आहे, असे शेवटपर्यंत कोणी विचारले नाही.

(समाप्त)